घरच्या कुंडीत पूर्वेकडील पालेभाज्या : एक पाठ



या पाठाचा विषय साधा आहे. चीन, जपान, मलाया या भागांतील लोक ज्या पालेभाज्या रोज खातात, त्या आपल्याला फ्लॅटच्या गॅलरीत कशा पिकवता येतील, कोणती पाने कच्ची खावीत, कोणती शिजवूनच खावीत, आणि एवढी खटपट कशासाठी करावी, हे क्रमाने पाहू या. उदाहरण घेतले आहे सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागाचे. परंतु हा अंक लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेवा येथील घरांतही वाचला जातो, हे ध्यानात ठेवून तेथील हवेप्रमाणे काय बदल करावयाचा तेही प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे.

हार्बरफ्रंट हे सिंगापूर बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. समोर सेंटोसा बेट, मागे माऊंट फेबरची टेकडी, मध्ये आगबोटींचा धक्का आणि २००३ साली सुरू झालेले भुयारी रेल्वेचे स्थानक. शेजारच्या तेलोक ब्लांगा भागात सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारती आहेत. तेथील लांब व्हरांड्यांतून फिरले तर दारोदार कुंड्या दिसतात. जवळच हैदराबाद रोडवर हॉर्टपार्क नावाची मोठी बाग आहे. ती २००७ साली लोकांसाठी खुली झाली. तिच्यात सामान्य नागरिकांना भाजी लावण्यासाठी साधारण अडीच मीटर लांब व एक मीटर रुंद असे उंच वाफे भाड्याने मिळतात. एवढ्याशा वाफ्यात पेन्शनीत निघालेली माणसे काय काय पिकवितात, ते पाहण्यासारखे असते.

१. नावे निराळी, भाजी ओळखीची

तेलोक ब्लांगा क्रेसेंटच्या बाजारात भाजीच्या टोपल्या पाहताना प्रथम सगळेच परके वाटते. नीट निरखून पाहिले की निम्म्या भाज्या आपल्या कोकणातल्याच निघतात.

मलायी लोक जिला 'बायाम' म्हणतात, ती आपली माठाची भाजी. हिरवी आणि तांबडी, दोन्ही मिळतात. चिनी मंडळी तिचे पातळ सार करतात, आपण लसूण घालून परततो, एवढाच फरक.

'कांगकोंग' म्हणजे आपली नाळीची भाजी. देठ पोकळ असतो म्हणून नाळी. आपल्याकडे ती तळ्याच्या व ओढ्याच्या काठी आपोआप उगवे आणि गरिबाची भाजी समजली जाई. येथे तिच्यावाचून कोणत्याही जातीच्या माणसाचे पान हलत नाही.

'सिलोन स्पिनॅच' या नावाने जी जाड, बुळबुळीत पानांची वेल विकली जाते, ती आपली मायाळू. मायाळूच्या पानांची भजी ज्यांनी कोकणात खाल्ली आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

मलायी भाषेत ज्याला 'दाऊन केलेदेक' म्हणतात तो रताळ्याचा पाला. आपण रताळे खात आलो आणि पाला गुरांना घालत आलो. येथे पाल्याला स्वतंत्र मान आहे.

हार्बरफ्रंटहून जांभळ्या मार्गाच्या गाडीत बसले तर पाचवे स्थानक लिटल इंडियाचे. स्थानकाबाहेरच टेक्का मार्केट आहे. तेथे माठ, मेथी, शेवग्याचा पाला, कढीलिंब, सर्व काही हिंदुस्थानी नावांनी मिळते. एका बाजारात बायाम आणि दुसऱ्या बाजारात माठ. भाजी एकच, आणि अंतर पाच स्थानकांचे.

२. मोहरीचे मोठे कुटुंब

आता ज्या भाज्या आपल्याला खरोखर नव्या आहेत त्यांकडे वळू. चाय सिम, शियाव बाय चाय म्हणजे लहान बोकचोय, काय लान, जपानी मिझुना, कोमात्सुना, टाटसोई. नावे ऐकून छाती दडपते, पण ही सारी एकाच कुटुंबातली भावंडे आहेत, आणि त्या कुटुंबाचे नाव आपल्या फोडणीच्या डब्यात रोज वाजते. ते म्हणजे मोहरी.

बोकचोय, चाय सिम, मिझुना, कोमात्सुना आणि चिनी कोबी या साऱ्या वनस्पतिशास्त्रात एकाच जातीच्या मानल्या जातात. तिचे नाव ब्रासिका रापा. आपला सलगमही याच जातीचा. उत्तर हिंदुस्थानात याच जातीचे काही प्रकार तेलबिया म्हणून पेरतात. म्हणजे एकाच रोपातून चिनी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पान मोठे केले, आणि हिंदुस्थानी शेतकऱ्याने दाणा मोठा केला. ज्यांच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, त्या आपल्या लोकांना ही गोष्ट ऐकून गंमत वाटावी.

काय लान मात्र कोबी व फुलकोबीच्या जातीची आहे. आणि आपली फोडणीची मोहरी? १९३५ साली वू जांग-चून या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की राईची मोहरी ही ब्रासिका रापा आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून झाली आहे. वू यांचे वडील कोरियाचे व आई जपानी. आयुष्याचा पूर्वार्ध त्यांनी जपानात घालविला आणि १९५० साली ते कोरियात जाऊन राहिले. दोन जाती एकत्र येऊन तिसरी सकस जात कशी होते हे सिद्ध करणारा माणूस स्वतःही दोन देशांचा होता.

या माहितीचा व्यवहारात उपयोग असा की, एका भावंडाची निगा राखता आली की सर्वांची येते. सर्वांना माती तीच, खत तेच, आणि दुर्दैवाने कीडही तीच.

३. मुख्य सूत्र : उन्हाळी पान आणि थंडीचे पान

विद्यार्थ्यांनो म्हणण्याची सवय जात नाही, तरी वाचकहो, या पाठातले एकच सूत्र लक्षात ठेवावयाचे असेल तर ते हे. पालेभाज्यांचे दोन वर्ग करावेत.

पहिला वर्ग उष्णतेचा. माठ, नाळी, मायाळू, रताळ्याचा पाला. यांना २५ ते ३५ अंश सेल्सियस तापमान मानवते. थंडीत त्या रुसतात. १० अंशांच्या खाली पारा गेला तर नाळीची भाजी काळी पडून मरते.

दुसरा वर्ग थंडीचा. मोहरीच्या कुटुंबातील बहुतेक भाज्या आणि पालक. यांना १५ ते २५ अंश बरे वाटतात. ऊन कडक झाले किंवा दिवस लांब झाला की त्या पाने वाढवावयाचे सोडून तुरा काढतात. तुरा आला की पाने चिवट व कडू होतात.

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा अंशावर आहे. वर्षभरात दिवस लहानमोठा होतो तो दहा मिनिटांनीसुद्धा नव्हे. दुपारी ३१–३२ अंश, रात्री २४–२५ अंश, बाराही महिने. पाऊस वर्षाला सुमारे २,१०० मिलिमीटर. अलिबागला पाऊस साधारण तेवढाच, पण तो चार महिन्यांत कोसळतो. येथे तो वर्षभर वाटून पडतो. म्हणून उष्णतेचा वर्ग येथे केव्हाही पेरावा. थंडीच्या वर्गातील ज्या भाज्यांचे वाण दक्षिण चीनच्या उकाड्यात तयार झाले आहेत, म्हणजे चाय सिम, काय लान, लहान बोकचोय, त्याही येथे येतात, पण पाने कोवळी असतानाच काढून घ्याव्या लागतात. खरा पालक व मोठा गड्डा धरणारा चिनी कोबी यांचा नाद येथे सोडावा.

इस्राएलमध्ये नेमके उलट. तेथे खरा हिवाळा आहे आणि खरा उन्हाळाही. डिसेंबरात दिवस दहा तासांचा, जूनमध्ये चौदा तासांहून मोठा. म्हणून तेथील वाचकांनी वर्षाचे दोन भाग करावेत. सुक्कोथ संपल्यावर मोहरीच्या कुटुंबाची पहिली पेरणी करावी आणि फेब्रुवारीपर्यंत थोडी थोडी पेरीत राहावे. पेसाहनंतर माठ, नाळी व मायाळू लावाव्यात. त्या सप्टेंबर–ऑक्टोबरपर्यंत पुरतात. दिमोना–बेरशेवाकडे उन्हाळ्यात दुपारच्या वेळी जाळीची सावली करावी, कारण तेथील हवा कोरडी आहे आणि कुंडी तासाभरात वाळते.

एप्रिलमध्ये बोकचोय पेरून ती लवकरच फुलावर आली म्हणून बियाण्याला बोल लावणारे पुष्कळ असतात. दोष बियाण्याचा नसतो. ऋतू चुकलेला असतो.

४. पेटी, माती, पेरणी

पालेभाजीला खोल कुंडी लागत नाही. साठ सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि पंधरा ते वीस खोल अशी प्लॅस्टिकची पेटी पुरते. तळाला भोके हवीतच. भोके नसलेल्या शोभेच्या कुंडीत मुळे कुजतात.

माती बागेतली नुसती भरू नये, ती दगडासारखी घट्ट बसते. दोन भाग कुंडीची तयार माती, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण हलके राहते व ओल धरते.

ऊन रोज चार तास तरी हवे, सहा तास असेल तर उत्तम. ज्यांच्या गॅलरीत दोन-तीन तासच ऊन येते, त्यांनी मायाळू, रताळ्याचा पाला, मिझुना यांवर समाधान मानावे.

मोहरीच्या कुटुंबाचे बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. तीन ते पाच दिवसांत रोप वर येते. माठाचे बी खसखशीएवढे असते. ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून वरच भुरभुरावे आणि वर मातीचा नुसता हात फिरवावा. नाळीचे बी टणक असते, ते रात्रभर पाण्यात भिजवून एक-दीड सेंटिमीटर खोल टोचावे.

बियाणे मिळत नसेल तर युक्ती आहे. बाजारातून आणलेल्या नाळीच्या, मायाळूच्या किंवा रताळ्याच्या पाल्याच्या जुडीतले चार निब्बर देठ बाजूला काढावेत. पाने खुडून देठ पाण्याच्या पेल्यात ठेवले की पाच-सात दिवसांत मुळ्या फुटतात. मग ते पेटीत खोचावेत. अशा तऱ्हेने एका जुडीत एकदा भाजी होते आणि पुढची बागही होते. मात्र परदेशातून येताना बी किंवा रोपे सामानात घालून आणू नयेत. बहुतेक देशांत, आणि इस्राएलमध्येही, त्यावर निर्बंध आहेत आणि ते रोगराईच्या भीतीने घातलेले आहेत. बी स्थानिक दुकानातूनच घ्यावे.

रोपांना दोन-तीन खरी पाने आली की विरळणी करावी. हे काम करताना पुष्कळांचा हात थरथरतो, जिवंत रोप उपटावयाचे कसे म्हणून. परंतु दाटीत एकही रोप धड वाढत नाही. कोवळी पाने हवी असतील तर दोन रोपांत पाच सेंटिमीटर, पूर्ण वाढलेले बोकचोय हवे असेल तर पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवावे. उपटलेली रोपे टाकू नयेत. ती धुऊन काकडीबरोबर सॅलडमध्ये घालावीत, पेटीतले पहिले उत्पन्न तेच.

काढणीचे दिवस साधारण असे धरावेत. माठ व लहान बोकचोय २५ ते ३० दिवस. नाळी ३ ते ४ आठवडे. चाय सिम ३० ते ४० दिवस. काय लान ४५ ते ६० दिवस. इस्राएलच्या हिवाळ्यात यांत दोन-तीन आठवडे अधिक लागतात. नाळी व माठ मुळासकट न उपटता खालची दोन पेरे ठेवून कापली तर पुन्हा फुटतात. तीन-चार वेळा कापणी मिळते.

५. पाणी, कीड आणि शेजारी

पाणी सकाळी द्यावे. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी घालावे. नाळीला मात्र माती सतत ओली हवी.

पेटीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये. सिंगापुरात डेंग्यूचा त्रास मोठा आहे आणि घरात डासांची पैदास आढळली तर दंड होतो. ताटली रोज पालथी करावी. नाळी पाण्याच्या बादलीतही वाढते हे खरे, पण फ्लॅटमध्ये तो प्रयोग नको.

व्हरांड्यात कुंड्या ठेवणाऱ्यांनी जाण्यायेण्यास १.२ मीटर वाट मोकळी ठेवावी, असा येथे अग्निसुरक्षेचा नियम आहे. आग लागली किंवा स्ट्रेचर न्यावे लागले, तर तेवढी वाट लागतेच. गॅलरीच्या कठड्यावर बाहेरच्या बाजूला पेटी टांगू नये. खाली माणसे चालत असतात.

कीड मोहरीच्या कुटुंबावर अधिक येते. पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोके पाडणारे बारीक काळे भुंगे, पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या आणि पानामागे दाटीने बसणारा मावा, हे मुख्य शत्रू. पेरणीच्या दिवसापासूनच पेटीवर बारीक मच्छरदाणीचे कापड ताणून बसविणे हा सर्वांत चांगला उपाय. कीड आल्यावर जाळी घालणे म्हणजे चोर घरात घेऊन दार लावणे. माव्यासाठी साबणाचे अगदी सौम्य पाणी किंवा कडुनिंबाचे तेल डब्यावरच्या सूचनेप्रमाणे फवारावे आणि सांगितलेले दिवस गेल्यावरच पाने काढावीत.

खत बेताने द्यावे. आठवड्याला एकदा पातळ द्रवखत पुरते. पाने गडद हिरवी दिसावीत म्हणून अधिक खत घालणे चूक. काढणीपूर्वी आठ दिवस खत बंद करावे.

इस्राएलमधील वाचकांसाठी एक सूचना. पुढचे शेमिता वर्ष ५७८९, म्हणजे २०२८–२९. गॅलरीतील व घरातील कुंड्यांना त्या वर्षी कोणते नियम लागतात, ते आपापल्या रब्बींना आधीच विचारून ठेवावे.

६. कच्चे काय, शिजवलेले काय

सॅलडसाठी मिझुना, टाटसोई, कोमात्सुना व बोकचोय यांची कोवळी पाने उत्तम. मिझुनाला मोहरीचा किंचित तिखटपणा असतो. लिंबू, मीठ, थोडे तीळ घातले की दुसरे काही लागत नाही.

घाई असलेल्यांनी मेथी व मोहरी दाट पेरावी आणि सात-आठ दिवसांत कात्रीने कापून घ्यावी. हल्ली याला मोठमोठी नावे देऊन हॉटेलात महाग विकतात. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत पिकविलेल्या समुद्रमेथीच्या छोट्या जुड्या ज्यांनी मंडईतून आणल्या आहेत, त्यांना ही युक्ती जुनीच आहे.

माठ व रताळ्याचा पाला शिजवूनच खावा. नाळीची भाजीही शिजवूनच. तळ्यात, ओढ्यात वाढणाऱ्या पाणवनस्पतींवर पोटातील कृमींची अंडी–पिल्ले चिकटलेली असू शकतात, आणि कच्च्या पाल्यातून ती माणसाच्या आतड्यात जातात. घरच्या नळाच्या पाण्यावरची नाळी सुरक्षित असली तरी बाजारातली जुडी कोठून आली हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून नियम सर्वांना एकच.

अळवाबद्दल कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. चिंच किंवा आमसूल घालून पुरते शिजविल्याशिवाय घसा खाजल्यावाचून राहत नाही.

येथे 'चेकूर मानिस' नावाची एक झुडपाची भाजी अंड्याबरोबर परतून आवडीने खातात. तशी ती चांगली आहे. परंतु १९९४–९५ च्या सुमारास तैवानात वजन कमी करण्यासाठी तिच्या कच्च्या पानांचा रस रोज पिण्याची टूम निघाली आणि पुष्कळ लोकांची फुप्फुसे कायमची निकामी झाली. हिरवे आहे, नैसर्गिक आहे, म्हणून कितीही व कसेही घ्यावे, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आता आपल्या घरच्या रीतीचा प्रश्न. येथील खाणावळीत कांगकोंग मागविली तर ती बहुधा बेलाचान घालून येते. बेलाचान म्हणजे बारीक जवळा खारवून, आंबवून केलेली वडी. काय लानवर कालवांच्या रसाचे काळे सॉस ओततात. दोन्ही आपल्याला वर्ज्य. भाजी पाहून मन हलके करू नये, घरी करावी. तेलात लसूण, हिरवी मिरची व थोडे आले परतून, मोठ्या आचेवर दोन मिनिटे नाळी हलवावी आणि शेवटी हेक्शेर पाहून घेतलेले सोया सॉस चमचाभर घालावे. मलायी लोक नारळाच्या दुधात भाज्या शिजवून 'सायूर लोदे' करतात. मांसाच्या जेवणात दूध चालत नाही म्हणून नारळाचा रस वापरण्याची आपली जुनी रीत, तिच्याशी हा पदार्थ चांगला जमतो. त्यातही जवळा घालतात, तेवढा वगळावा.

पाने निवडताना किडीकडे विशेष लक्ष हवे. पाने सुटी करावीत, किंचित साबण घातलेल्या पाण्यात तीनेक मिनिटे बुडवून ठेवावीत, मग वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजू चोळून धुवाव्यात आणि उजेडासमोर धरून पाहाव्यात. जाळीखाली वाढलेल्या घरच्या पानांवर हे काम पाच मिनिटांत होते. बाजारातल्या जुडीला अर्धा तास जातो. आपल्या घरांसाठी कुंडीचा हा एक मोठा फायदा आहे.

७. वडीलधाऱ्यांसाठी पथ्य

आपल्यापैकी पुष्कळजण साठीच्या पुढचे आहेत, म्हणून दोन शब्द. रक्त पातळ राहावे म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये आणि एकदम सोडूही नये. हिरव्या पानांतील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. दर आठवड्याला प्रमाण सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे. ज्यांना मूतखड्याची तक्रार आहे, त्यांनी माठ व पालक बेताने खावेत, कारण त्यांत ऑक्झलेट अधिक असते. बोकचोय व काय लान यांत ते फारच कमी असते. वाकणे जमत नसेल तर पेटी स्टुलावर किंवा टेबलावर ठेवावी, जमिनीवर ठेवलीच पाहिजे असे नाही.

८. खटपट कशासाठी?

आता एक रोखठोक प्रश्न. बाजारात जुडी स्वस्त मिळत असता हे सारे कशासाठी?

हिशेब आधी मांडू. एका पेटीतून दोन माणसांची एका वेळची भाजी, आणि ती दोन-तीन आठवड्यांनी एकदा. चार पेट्या आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरल्या तर आठवड्याला एक-दोन वेळची सोय. याहून अधिक कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. कुंडीवर कुटुंब जगत नाही.

सिंगापूरला हे चांगले कळते. या शहरराज्यात खाण्याचे ९० टक्क्यांहून अधिक पदार्थ बाहेरून येतात. पालेभाजीचा मोठा वाटा शेजारच्या मलेशियातून येतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मलेशियाने संचारबंदी जाहीर केली, तेव्हा येथील दुकानांत एका रात्रीत रांगा लागल्या. त्याच वर्षी जून महिन्यात येथील उद्यान मंडळाने घरोघरी भाजीचे बियाणे फुकट पाठविण्याची योजना काढली आणि चार लाखांहून अधिक घरांत बियांची पाकिटे पोहोचली. त्याआधी २०१९ मध्ये सरकारने २०३० सालापर्यंत देशाच्या पोषणाच्या गरजेपैकी ३० टक्के देशातच पिकविण्याचा संकल्प सोडला होता. विजेच्या दिव्यांवर मजल्यांवर मजले रचून भाजी पिकविणारे कारखाने निघाले. विजेचा खर्च झेपेना म्हणून त्यांतले कित्येक बंद पडले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ते उद्दिष्ट बाजूला ठेवून २०३५ साठी नवी, अधिक बेताची उद्दिष्टे ठरविली.

म्हणजे मोठ्या यंत्रांनाही जे सहज साधले नाही, ते आपल्या चार पेट्या साधणार नाहीत. मग त्यांनी काय साधते? अडचणीच्या दिवसांत हात कामाला यावा एवढी विद्या त्यांनी घरात टिकते. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात सिंगापूरच्या लोकांनी अंगणात, मैदानात टॅपिओका व रताळी लावली, आणि पालाही खाल्ला. १९४८ साली यरुशलेमला वेढा पडला तेव्हा शहरातल्या बायका रानात जाऊन खुबेझाची पाने खुडून आणीत आणि त्यांच्या वड्या करीत. ती पाने काही त्या वर्षीच नव्याने उगवली नव्हती. ओळखणारे कोणीतरी शिल्लक होते म्हणून ती ताटात आली.

इस्राएलमध्ये रस्त्याच्या कडेला 'यर्बूझ' नावाचे तण उन्हाळ्यात माजते. ते आपल्या माठाच्याच कुळातले आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या आपल्या नातवंडांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे? त्यांच्या दृष्टीने पालेभाजी म्हणजे धुऊन, चिरून, पिशवीत बंद केलेली वस्तू. माठ, मायाळू, नाळी हे शब्द बोलणारी बहुधा आपली शेवटची पिढी. शब्द पुस्तकात राहतो, पण पान पाहिल्यावर तो ओठावर यावयाचा असेल तर पान डोळ्यांसमोर असावे लागते. शब्दाची पेरणी पानाबरोबरच होते.

गृहपाठ

पाठ संपला की गृहपाठ हवाच.

(१) तीन पेट्या घ्या. एकीत उष्ण वर्गातील एक भाजी, दुसरीत थंड वर्गातील एक भाजी, तिसरीत दाट मेथी पेरा. कोणत्या पेटीत तुमच्या गावची हवा रमते ते स्वतः पाहा.

(२) प्रत्येक पेटीवर पेरणीची तारीख लिहून ठेवा. मेथी सात-आठ दिवसांत काढणीला येईल, म्हणजे घरातल्या लहान मुलाचा धीर सुटणार नाही.

(३) लाकडी पट्टीवर भाजीचे नाव मराठीत लिहा, आणि खाली तुमच्या गावच्या भाषेत. इस्राएलमध्ये हिब्रूत, सिंगापुरात मलायीत किंवा चिनीत. हे काम नातवंडांकडून करून घ्यावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

(४) पहिली काढणी झाली की एक मूठ शेजाऱ्याला द्या आणि त्याच्या घरी ही भाजी कशी करतात ते विचारा. जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवा, आणि शक्य असल्यास या पानांसाठी पाठवा. आपल्या भगिनींनी लिहून पाठविलेल्या पाककृतींचे स्वागत आहे.